बाहुलीचा मास्क
आज प्रोटॉन थेरपीसाठी (गाठीवर प्रोटॉन या सूक्ष्म कणांचा मारा करणारे किरणोपचार) आलेल्या चिमुरडीला, उपचारात डोकं हलू नये म्हणून घालायचा जाळीचा मास्क दाखवला. आधी बाहुलीच्या तोंडावर बसवला, मग तिने स्वतः बोटं फिरवून पाहिली. "दुखेल?" नाही गं राणी, किरण सुरू असताना काही जाणवतसुद्धा नाही.

आईला वेगळीच धास्ती होती: मेंदूला अपाय झाला तर? तिला सांगितलं, प्रोटॉन ठरावीक खोलीवर पोचून बहुतेक ऊर्जा तिथेच सोडतात, गाठीपलीकडे जवळपास काहीच जात नाही. वाढत्या वयात हे फार मोलाचं. (१९४६ साली भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ही कल्पना मांडली होती!) भुलीआधी उपाशी का ठेवायचं, त्वचा लाल झाली तर काय करायचं, सगळं लिहूनही दिलं. घाबरलेल्या आईबापांच्या डोक्यात एका बैठकीत निम्मंही शिरत नाही. हे समजावणं मला औषध देण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. उद्या वडील येतायत, त्यांनाही पहिल्यापासून सांगणार आहे.