आत्याच्या मृत्युपत्राचं प्रोबेट: सातारा, मुंबई, चिपळूण

थोरली आत्या फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. अविवाहित होती, दादरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायची. मागे दोन पानांचं मृत्युपत्र होतं, फ्लॅट माझ्या चुलतबहिणीला, कारण शेवटची सहा वर्षं आत्याचं सगळं तिनेच केलं. ठेवींची थोडी वाटणी, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, म्हणून माझं नाव. कुणाचा विरोध नव्हता. काकांनी तर तेराव्यालाच सांगितलं, ताईने लिहिलंय तसंच होऊ दे.

घरात सगळे एकमताचे आहेत म्हणजे काम महिन्या-दोन महिन्यांचं, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, हातात पडायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. विरोध नसला तरी मृत्युपत्र सिद्ध करावंच लागतं, आणि ते सिद्ध होतं साक्षीदाराच्या शब्दावर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या फेऱ्या निम्म्या झाल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली फेरी मुंबईची, हायकोर्टात. साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने पहाटे दादर, तिथून चर्चगेट. ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलं की हायकोर्टाची १८७८ साली पुरी झालेली काळ्या दगडाची इमारत समोर येते. सीएसएमटीला उतरलात तर हुतात्मा चौकावरून पंधरा-वीस मिनिटांचं चालणं आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, फाटकावर पिशव्या तपासतात. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, दिवाळीत आणि नाताळात वेगळी. मी एकदा दिवाळीच्या तोंडावर गेले आणि हात हलवत परत आले. तारीख वकिलांना विचारूनच तिकीट काढा.

प्रोबेट मागायचा हक्क मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच असतो. एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल किंवा तो हयात नसेल, तर ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ मागावी लागतात, त्यांना मृत्युपत्र जोडलेलं असतं. हा फरक वकिलांकडे जाण्याआधी कागद वाचून समजून घ्या, अर्जच वेगळा होतो. अर्जात लिहायचं ते थोडकं आहे: मृत्यू कधी झाला, हे तिचं शेवटचं मृत्युपत्र आहे, ते रीतसर केलेलं आहे, मालमत्ता किती रुपयांची, आणि मी त्यातली एक्झिक्युटर. सोबत मृत्यूचा दाखला, मालमत्तेची यादी, आणि देणी व अंत्यसंस्काराच्या खर्चाची यादी. कोर्ट फी ही देणी वजा जाता उरलेल्या रकमेवर लागते, म्हणून हॉस्पिटलची थकलेली बिलं टाकून देऊ नका. फी टप्प्याटप्प्याने वाढत जाते. आमच्या वेळी कमाल मर्यादा ७५,००० रुपये होती, आणि मुंबईतला फ्लॅट म्हटलं की त्या मर्यादेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा होतं. देण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाच्या, मागच्या बाजूच्यासुद्धा, स्वच्छ रंगीत प्रती काढून ठेवा. याचा उपयोग पुढे चिपळूणला कसा झाला ते सांगते.

आधी वारसांचं. मृत्युपत्राने ज्यांना काहीच मिळत नाही, पण मृत्युपत्र नसतं तर मिळालं असतं, अशा सगळ्यांची नावं अर्जात द्यावी लागतात. त्यांना कोर्टाकडून सायटेशन जातं, म्हणजे हरकत असेल तर या, अशी सूचना. त्यांनी आधीच संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं तर सायटेशन बजावण्याचा सगळा वेळ वाचतो. आम्ही यादी केली: काका, मी, माझा भाऊ, आणि दिवंगत धाकट्या आत्याचे दोन मुलगे. कोर्टाच्या तपासणीत ऑब्जेक्शन निघालं, आणि ते अगदी बरोबर होतं. आम्ही माझ्या आईला विसरलो होतो.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे लग्न न झालेल्या आणि मुलं, आईवडील यांपैकी कुणीच नसलेल्या बाईची मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. वडील तिच्यानंतर लगेच वारले असं धरून वारस मोजायचे. म्हणजे आजोबांचे वारस. त्यांत आधी गेलेल्या मुलाची विधवा येते, आधी गेलेल्या मुलीचा नवरा येत नाही. म्हणून माझी आई वारस, आणि धाकट्या आत्याचे यजमान नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, वन्सं माझ्या, मी कशाला आड येईन?” आड येण्याचा प्रश्नच नव्हता, कागदावर तिची सही हवी होती. घरातल्या विधवा सुनांची नावं सुटतात हे वकिलांनीही सांगितलं. तुमची यादी करताना आजोबा-आजीपासून वंशावळ काढा, गेलेल्यांसकट.

आतेभावांपैकी एक न्यू जर्सीला. त्याने न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून सही साक्षांकित करून संमती पाठवली. मसुदा इथून वकिलांनीच करून द्यावा. त्याने पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत प्रेमळ पत्र लिहून पाठवलं होतं, ते घरात वाचून सगळ्यांचे डोळे भरून आले, पण कोर्टाला त्याचा उपयोग नव्हता.

आता साक्षीदार. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही केलेली असावी. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. सिद्ध करताना मात्र हयात साक्षीदारांपैकी किमान एकाने सांगावं लागतं. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी यातून सुटका नाही. सब-रजिस्ट्रारचा शिक्का चांगलाच, पण तो साक्षीदाराची जागा घेत नाही.

आमच्या मृत्युपत्रावर एक सही फॅमिली डॉक्टरांची, ते २०२० मध्ये गेले. दुसरी त्याच इमारतीत राहणाऱ्या आप्पांची. आप्पा दादरचं घर विकून मुलाकडे चिपळूणला गेलेले, वय ८२, फोनवर ऐकू कमी. त्या एका माणसावर आमचं सगळं अवलंबून होतं, आणि हे लक्षात आलं तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही.

साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जुलैचा पाऊस, घाटात पुढची गाडी दिसत नव्हती. पावसाळ्यात हा रस्ता उजेडीच पार करा. मला घाई होती म्हणून गेले, तुम्ही साक्षीदाराचं काम शक्य तर पावसाळ्याआधी उरका.

आप्पांनी आधी चहा दिला, मग चष्मा पुसून रंगीत प्रत हातात घेतली. बराच वेळ पाहिलं. “ही माझीच. तेव्हा हात थरथरत नव्हता.” मग त्यांनी आपणहून सांगितलं: संध्याकाळची वेळ, डॉक्टर दवाखाना बंद करून आलेले, आत्याने दोन्ही पानं मोठ्याने वाचून दाखवली आणि मगच सही केली. प्रतिज्ञापत्रात नेमकं हेच लागतं. आत्याने दोघांच्या देखत सही केली, दोघांनी तिच्या देखत केली, ती शुद्धीवर आणि स्वतःच्या मर्जीने होती, आणि दाखवलेल्या सह्या त्याच आहेत. त्यांना जे आठवतं तेच लिहा. मी नेलेल्या मसुद्यात ‘सकाळी’ असं होतं, आप्पांनी ठामपणे ‘संध्याकाळी’ करायला लावलं, आणि मी तिथल्या टायपिस्टकडून पूर्ण पान बदलून घेतलं. खाडाखोड ठेवू नका.

वयामुळे त्यांची आताची सही जुन्या सहीपेक्षा वेगळी दिसत होती. वकिलांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून वयोमानाने सही बदलल्याचं एक वाक्य घातलं आणि आधार कार्डाची प्रत जोडली. चिपळूणच्याच नोटरीसमोर सही झाली. आप्पांना मुंबईला न्यावं लागलं नाही, याचं मला फार मोठं समाधान वाटलं.

आप्पा नसते तर? रस्ता तेव्हाही असतो, पण अवघड. एकही साक्षीदार मिळत नसेल तर किमान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही, दोन्ही ओळखणारं कुणीतरी उभं करावं लागतं. म्हणून घरात कुणी मृत्युपत्र करत असेल तर साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान निवडा, त्यांचा पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर ठेवा, पत्ता बदलला की तो कागदही बदला.

पुढचं सगळं वाट पाहण्याचं होतं. कुणी कॅव्हिएट, म्हणजे कोर्टात हरकत, टाकलं नाही. टाकलं असतं आणि वाद उभा राहिला असता, तर अर्जाचा दावा होऊन साक्षी-उलटतपासणी सुरू झाली असती. आमचं काम कागदांवरच पार पडलं.

तुम्ही आता निघालात तर एक मोठा बदल झालेला आहे. मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेट घेण्याची सक्ती भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम काढून टाकलं. सक्ती गेली म्हणून प्रोबेट मिळायचं बंद झालेलं नाही. सगळे वारस जवळ आहेत, मालमत्ता थोडी आहे, तर मी आज कदाचित ही वाट धरणार नाही. पण फ्लॅट पुढे विकायचा असेल, वारस देशोदेशी असतील, किंवा साक्षीदार आप्पांच्या वयाचा असेल, तर मी आजही प्रोबेट घेईन. ते मिळालं की मृत्युपत्र खरं की खोटं हा प्रश्न सगळ्यांपुरता मिटतो. तुमचा मृत्यूच्या दाखल्यावरचा दिनांक तीन वर्षांपेक्षा जुना असेल तर उशिराचं कारण अर्जातच लिहा, ते विचारलं जातं.

प्रोबेट मिळाल्यावर फाईल बांधून ठेवू नका. एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टाला द्यायचा असतो. प्रोबेटच्या प्रमाणित प्रती पुरेशा मागून घ्या, मी दोनच घेतल्या आणि सोसायटी, बँक दोन्हीकडे त्या अडकून पडल्या. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर चुलतबहिणीचं नाव चढलं तेव्हा तिने त्याचा फोटो सगळ्यांच्या आधी आप्पांना पाठवला.