योकिच बाकावर बसतो तेव्हा: डेन्व्हरच्या २०२५ च्या उन्हाळ्याचा हिशेब

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्सची खरी ताकद मोजायची असेल, तर त्यांचा मुख्य सेंटर निकोला योकिच बाकावर असतो ती दहा-बारा मिनिटं बघायची. २०२४-२५ मध्ये त्याने सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचे झेल) आणि १०.२ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) दिले. तरी संघ ५० विजय, ३२ पराभवांवर थांबला आणि प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून सातवा सामना १२५-९३ असा हरला. योकिचने कमावलेली आघाडी तो उठून गेला की वितळायची, म्हणून त्याला लवकर परत आणावं लागायचं आणि शेवटी सगळे पहिले पाच थकायचे. ॲरन गॉर्डन तर तो सातवा सामना मांडीचा स्नायू दुखावलेला असताना खेळला. हे दुखणं नशिबाचं नव्हतं, बेंचचं, म्हणजे राखीव खेळाडूंचं होतं.

बेंच रिकामी का झाली, ते पैशात दिसतं. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं साल संपतं आणि नवा करार बोलायला बसतात, तसं एनबीएचं साल ३० जूनला फिरतं. बाजार उघडतो तेव्हा आपल्या घड्याळात १ जुलैच्या पहाटेचे ३:३० झालेले असतात. जळगाव-धुळ्यात बसून बातम्या बघणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्या पहाटे कळतात ते बहुतेक तोंडी ठराव असतात, मोठ्या करारांवर सह्या ६ जुलैला होतात. मधल्या दिवसांत आकडे आणि अटी बदलू शकतात.

२०२५-२६ साठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १५४.६ दशलक्ष डॉलर. त्याच्या वर लक्झरी टॅक्सची, म्हणजे दंडाच्या कराची रेषा १८७.९, आणि त्याहून वर निर्बंध वाढवणाऱ्या दोन रेषा: पहिला ॲप्रन १९५.९ आणि दुसरा २०७.८. आता डेन्व्हरचे चार पगार मांडा: योकिच ५५.२, जमाल मरे ४६.४, मायकेल पोर्टर ज्युनियर ३८.३, गॉर्डन २२.८. बेरीज १६२.७. म्हणजे चौघांतच कॅप ओलांडला, आणि अजून दहा-अकरा माणसं घ्यायची आहेत.

कॅपच्या वर असलेल्या संघाला बाहेरचा खेळाडू घ्यायला दोन-तीनच वाटा उरतात: मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वरही देता येणारा ठराविक मधला पगार), किमान पगार किंवा ट्रेड (दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल). आपल्याच खेळाडूला कॅपच्या वर जाऊनही ठेवायला 'बर्ड राइट्स' असतात, पण ते पूर्ण मिळायला साधारण तीन हंगाम लागतात. २०२३ च्या विजेतेपदानंतर डेन्व्हर इथेच फसलं. ब्रूस ब्राउन तिथे एकच वर्ष खेळला होता. त्यामुळे डेन्व्हरला त्याच्या आधीच्या ६.५ दशलक्ष पगाराच्या १२० टक्के, म्हणजे ७.८ च्या आसपासच देता येत होते. इंडियानाने दोन वर्षांचे ४५ देऊ केले आणि तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात केंटेव्हियस काल्डवेल-पोप ऑर्लँडोला गेला, तीन वर्षांचे ६६. त्याच्यावर हक्क होता, पण त्याला ठेवलं तर ॲप्रन आडवा येत होता. दुसऱ्या ॲप्रनच्या वर गेलं की ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा पगार आणता येत नाही, मिड-लेव्हलही हातातून जातं. संघ आहे त्या जागी गोठतो.

म्हणून २०२५ मध्ये खरा प्रश्न एवढाच होता की चौघांपैकी कोणाचा पगार हलवायचा. मरेला हलवणं मला कधीच पटलं नसतं. योकिचसोबतचा त्याचा पिक-अँड-रोल (एकाने बचावपटूला अडवून दुसऱ्याला वाट करून देणं) हाच या संघाच्या आक्रमणाचा कणा आहे. गॉर्डनचा पगार चौघांत सगळ्यात लहान. उरला पोर्टर. डेन्व्हरने तो आणि २०३२ च्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांतली) पहिल्या फेरीतली निवड ब्रुकलिनला देऊन कॅम जॉन्सन घेतला. दोघांचे २०२४-२५ चे आकडे शेजारी ठेवा: पोर्टर १८.२ गुण, तीन गुणांच्या फेकीत ३९.५ टक्के, जॉन्सन १८.८ गुण, ३९ टक्के. नेमबाजी जवळजवळ तीच, बचाव जास्त भरवशाचा आणि पगार सुमारे १७ दशलक्षांनी कमी. उंचीत आणि रिबाउंडमध्ये पोर्टर वरचढ, ते कबूल.

ती निवड फुकट घालवली असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. योकिचचा जन्म फेब्रुवारी १९९५ चा, २०३२ मध्ये तो ३७ चा असेल. त्याच्या भराच्या वर्षांत बेंच नीट करायला भविष्यातली निवड वापरायची नाही, तर कधी वापरायची? शिवाय निवड पुढच्या सात ड्राफ्टपर्यंतचीच देता येते, म्हणून २०२५ चा ड्राफ्ट आटोपेपर्यंत २०३२ ची निवड व्यवहारात आणताच येत नव्हती.

सुटलेल्या १७ दशलक्षांमुळे बाकीची दारं उघडली. योनास वालान्चुनास दारियो शारिचच्या बदल्यात आला. शारिचचा पगार ५.४, वालान्चुनासचा १०.४. पहिल्या ॲप्रनखालच्या संघाला लहान पगाराच्या बदल्यात दुप्पट अधिक पाव दशलक्ष इतका पगार घेता येतो, म्हणजे इथे ११.०५ पर्यंत, म्हणून हा ट्रेड बसला. पण याची किंमत आहे, आणि ती बातमीत फारशी येत नाही: दिल्यापेक्षा जास्त पगार घेतला की त्या हंगामापुरती पहिल्या ॲप्रनची रेषा पक्की होते. १९५.९ च्या वर एक डॉलरही जाता येत नाही, मग फेब्रुवारीत कोणी जखमी होवो की काही. तरीही सौदा योग्यच. योकिच बसल्यावर पोस्टमध्ये (बास्केटजवळ) चेंडू देता येईल आणि रिबाउंड घेईल असा सेंटर डेन्व्हरला हवाच होता.

ब्राउन परत आला तो किमान पगारावर, टिम हार्डवे ज्युनियरही तसाच. अशा अनुभवी खेळाडूला एक वर्षाच्या किमान करारात जास्त पैसे मिळाले, तरी २०२५-२६ मध्ये संघाच्या खात्यात फक्त २.३ धरले गेले. फरक लीग भरते. हार्डवेची गरज वेगळी सांगायला नको. २०२४-२५ मध्ये तीन गुणांच्या फेकी लीगमध्ये सगळ्यात कमी कोणी घेतल्या असतील तर डेन्व्हरने.

एक जागा मात्र सुटली. राखीव गार्ड रसेल वेस्टब्रूक गेल्यावर त्या उन्हाळ्यात मरेच्या मागे चेंडू घेऊन वर येणारा पक्का गार्ड आणला नाही. ब्राउन चेंडू सांभाळतो, पण समोरून पूर्ण मैदानभर दबाव आला की खेळ बसवायला त्याला वेळ लागतो आणि २४ सेकंदांतले आठ-दहा तिथेच जातात. ही जागा भरायला फेब्रुवारीतला ट्रेड किंवा नंतर बायआउट होऊन (संघाशी पैशांची तडजोड करून) सुटलेला गार्ड, एवढंच शिल्लक राहत होतं. बायआउटवाल्याला जुन्या संघाने १ मार्चपर्यंत सोडलेलं हवं, नाहीतर तो प्लेऑफ खेळू शकत नाही. आणि त्याचा छोटासा पगारही १९५.९ च्या आत बसवायचा असेल, तर तितकी जागा ऑक्टोबरपासूनच राखून ठेवावी लागत होती.