तीर्थाचा चमचा

श्रावणी सोमवार, रात्री साडेदहा

दिवसभर पावसानं उसंत दिली नाही. अंगणात पाणी, पागोळ्या अजून गळताहेत, आणि आत ओट्यावर भावाची खुणेची बाटली. पाऊण लिटर. चोवीस तासांत एवढंच. गोळीबरोबरचा घोटसुद्धा वहिनी त्यातूनच मोजते. शहाळं पोटॅशियममुळे बंद. परसात सतरा माड आणि हा जिभेवर बर्फाचा खडा ठेवून बसतो.

पूर्वी सोमवार म्हणजे मंगेशीची पालखी. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेस चार तास डायलिसिसच्या मशीनवर. सकाळी त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवलं. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर. "चालू आहे गो ताई," म्हणाला, विहिरीवरच्या पंपाबद्दल सांगावं तसं.

देवळात मी जाते, हात जोडते, मागत मात्र काही नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांसाठी गावच्या सातेरी देवीला प्रसाद लावला होता, म्हणजे कौल मागितला होता; उजवी पाकळी पडली की होकार. गाऱ्हाणं झालं, पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवीकडची अशी टपकन पडली की आईनं तिथंच डोळे पुसले. अकराव्या दिवशी बाबा गेले. मग समजूत घालणारे आले. कुणी म्हणालं, प्रश्नच चुकीचा विचारला. कुणी म्हणालं, सुटले बिचारे, म्हणजे प्रसाद उजवाच की! त्या 'सुटले'चा राग अजून पोटात आहे. डावा पडला असता तर देवीवर माझा जास्त विश्वास बसला असता. आईला हे सांगणार कसं? आणि तरी भाजी चिरताना मी तोंडातल्या तोंडात भांडते ती सातेरीशीच.

मंगेशाचं तर आणखीच. पोर्तुगीज अमलात, १५६० मध्ये, त्याला कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी नदीपलीकडे प्रियोळला आणलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा. आता वाटतं, ज्याला स्वतःचं देऊळ राखता आलं नाही, ज्याला माणसांनी उचलून न्यावं लागलं, त्याच्याकडे मूत्रपिंड काय मागायचं? (लिहिताना कान तापले. खोडत नाही.) पण ती माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. जिवाची भीती, काखेत पोर, डोक्यावर गाठोडं, आणि त्यातही त्यांनी देवाला मागे ठेवलं नाही. रागावली नसतील का ती त्याच्यावर?

मशीनवरून आला की एरवी भाऊ आडवाच होतो. आज हट्टानं पालखीला आला. खांबाला टेकून उभा होता. तीर्थासाठी हात पुढे केला, ओंजळीतल्या थेंबांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, हे बाटलीत धरायचं काय?"

मला हसू फुटलं. वहिनी हसली नाही. घरी येऊन पदर खोचला आणि सगळ्यांत आधी बाटलीतलं चमचाभर पाणी मोरीत ओतलं.