आमच्या फाउंड्रीची फिल्म करून घेताना

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळ, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. पंप आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग करतो, म्हणजे वितळलेल्या धातूचा रस साच्यात (मोल्डमध्ये) ओतून भाग बनवतो. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाने ऑडिटआधी प्लांटचा व्हिडिओ मागितला, त्यात प्रदर्शनाचा स्टॉलही बुक झालेला. परचेस माझ्याकडे असल्याने सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, हेही माझ्याच गळ्यात घातलं. "तू कोटेशनं मागवतेसच की, त्यातलंच एक."

त्यातलंच एक नव्हतं. एका स्टुडिओने 'कॉर्पोरेट फिल्म, ३ मिनिटे' एवढ्या एका ओळीपुढे रक्कम टाकून दिली. दुसरे आकडाच सांगेनात, "मॅडम, तुमचं बजेट काय?" हेच धरून बसले. पुण्याच्या तिसऱ्या कंपनीने कोटेशनआधी प्रश्नांचा कागद पाठवला. फिल्म कोण बघणार? कुठे? आवाज चालू असेल की बंद? बघून झाल्यावर त्या माणसाने काय करायला हवं? प्रदर्शनाच्या गोंगाटात निवेदन कुणाच्या कानावर पडणार नाही, हे तो कागद भरताना लक्षात आलं. मग एकाच शूटमधून दोन फिल्म ठरल्या: गिऱ्हाइकासाठी निवेदनाची, स्टॉलसाठी नुसत्या अक्षरांची, आखूड. काम त्यांनाच दिलं. बजेटचा आकडाही मीच आधी सांगून टाकला. तीन मिनिटांच्या फिल्मला ठरलेला दर नसतो. माणसं किती, दिवस किती, ग्राफिक्स किती यावर सगळं असतं, आणि आकडा लपवला तर समोरचा अंदाजाने काहीतरी भरतो.

ॲडव्हान्स ५० टक्के. शूटनंतर ३०, फायनल फाइल देताना उरलेले २०. त्यांची एक अट मला फार आवडली: मंजुरी देणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहून द्या. आमच्या घरात आप्पा, काका, दीर आणि नवरा अशी चार मतं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदतात. मी माझं नाव लिहिलं.

रेकीला, म्हणजे शूटआधीच्या पाहणीला, डायरेक्टर आणि कॅमेरामन आले, ते कॅमेरा न घेता. साच्याची वाळू तयार होते त्या सँड प्लांटपासून कास्टिंग घासून साफ करतात त्या फेटलिंगपर्यंत हिंडले, पोअरिंग (रस ओतणं) कोणत्या शिफ्टला असतं ते विचारलं, वरच्या ट्यूबलाइटकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्लो मोशनमध्ये जुने ट्यूबलाइट लुकलुकताना दिसतात म्हणे. मेल्टिंगच्या सुपरवायझरमामांना मात्र शंका होती. "वहिनी, ह्या धुरातनं काय दिसणार हाय?"

त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती. साधारण १४०० अंशांचा रस लॅडलमधून (ओतायच्या भांड्यातून) मोल्डमध्ये पडतो, तेव्हा कॅमेऱ्याचं एक्सपोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, रसाला धरून लावलं तर बाकी शेड काळोखात जाते, आणि माणसांना धरून लावलं तर रसाचा नुसता पांढरा डाग दिसतो. कॅमेरामनने मोल्डच्या रांगेच्या मागून स्वतःचे लाइट लावून शेड उजळवली आणि एक्सपोजर रसाला धरून ठेवलं. मॉनिटरवर धारेचा नारिंगी रंग आणि ओतणाऱ्याच्या फेस शील्डमधलं तिचं प्रतिबिंब, दोन्ही दिसायला लागलं. मामा मॉनिटरसमोरून हलेनात.

फेस शील्डवरून थोडं वाजलं. डायरेक्टरला कामगाराचा चेहरा हवा होता, "एक शॉट शील्ड वर करून." मी नाही म्हटलं. ऑडिटर ही फिल्म थांबवून थांबवून बघणार, त्याची नजर आधी बूट, लेग गार्ड आणि शील्डवर जाणार. चेहरा पाहिजे असेल तर कॅन्टीनमध्ये घ्या. घेतला, आणि तो शॉट जास्त चांगला आला.

स्क्रिप्टसोबत मी 'काय दाखवायचं नाही' याची यादी दिली होती. दुसऱ्या गिऱ्हाइकांची कास्टिंग, त्यांवरचे पार्ट नंबर, भिंतीवरची ड्रॉइंग. एनडीए (गुप्ततेचा करार) आपण सही केलेला असतो, व्हिडिओवाल्यांनी नाही. तरी एका फ्रेममध्ये पार्ट नंबर सापडलाच, तो एडिटमध्ये पुसला.

आप्पांना ड्रोन हवाच होता. पण उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या शेजारी. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि धंद्यासाठी उडवणाऱ्याला, अगदी छोटा नॅनो ड्रोन सोडला तर, पायलटचं प्रमाणपत्र लागतं. लग्नात उडवतात की, असं काका म्हणाले. कंपनीने साफ नकार दिला आणि ऑफिसच्या गच्चीवरून शॉट घेतला.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, वॉटरमार्कसह आला. कोटेशनमध्ये सुधारणेच्या दोन फेऱ्या, पुढच्या प्रत्येक फेरीला वेगळे पैसे. ग्रुपवर लगेच पाऊस सुरू झाला: आजोबांचा फोटो सुरुवातीला घ्या, नवं मापं तपासायचं सीएमएम मशीन जास्त वेळ दाखवा, संगीत जरा दणदणीत करा. सगळं एका शीटमध्ये मिनिट-सेकंदासह उतरवलं, एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या सूचना घरातच मिटवल्या आणि मग पाठवलं. आजोबांचा फोटो शेवटी गेला. निवेदनाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. स्क्रिप्ट आधीच सही करून दिलेली, आणि एक वाक्य बदललं तरी आवाज देणाऱ्याला परत स्टुडिओत बोलवावं लागतं.

बिलाच्या वेळी अडलं ते टीडीएसवर, म्हणजे बिलातून आधीच कापायच्या आयकरावर. १८ टक्के जीएसटीबद्दल वाद नव्हता, पण आमचे सीए म्हणाले आयकर कायद्याचं तेव्हाचं कलम १९४जे (व्यावसायिक सेवा) लावून १० टक्के कापा, त्यांचे म्हणाले हे १९४सीचं कंत्राट, २ टक्केच. दोन्ही सीए फोनवर बोलत राहिले आणि फायनल फाइल अडून राहिली. पुढच्या वेळी हे पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) लिहून घेणार आहे.

हक्कांचं मी आधीच विचारून ठेवलं होतं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करवून घेणारा असतो, पण करारात उलट लिहिलं असेल तर करार चालतो. त्यांच्या छापील अटींमध्ये रॉ फुटेज (शूट केलेलं सगळं कच्चं चित्रण) दिलं जाणार नाही असं होतं. हार्ड डिस्क आमची आणि थोडी जादा रक्कम, या बोलीवर ते मिळवलं. संगीताच्या लायसन्सची प्रतही मागून घेतली, यूट्यूबवर दावा आला तर दाखवायला. डिस्क आता परचेसच्या कपाटात आहे. नवीन मोल्डिंग लाइन बसली की तेवढेच शॉट घेऊन जुन्यात जोडायचे, असं त्यांच्याशी बोलून ठेवलंय.