स्टेअरिंग सरकतंय, पण गळती कुठे?

नांगरताना तास वाकडं यायला लागलं तेव्हा आधी मी माझ्या हातालाच दोष दिला. ट्रॅक्टर सरळ ठेवायचा तर स्टेअरिंग सारखं थोडं थोडं उजवीकडे फिरवत राहावं लागायचं. सुरुवातीला डाव्या हाताशी असलेली स्टेअरिंगवरची मूठ चार तासं झाली की पार समोर जाऊन बसायची. बाहेर मात्र ऑइलचा एक थेंब सांडलेला नाही.

माझ्या ट्रॅक्टरसारख्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये वरचं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडाचा सांधा नसतोच. मधे फक्त ऑइल. स्टेअरिंगच्या दांड्याखाली ऑर्बिट्रोल असतो. माझ्या ऑर्बिट्रोलमध्ये सहा दातांची चकती सात खाचांच्या कड्यात फिरते आणि पुढची चाकं वळवणाऱ्या सिलिंडरकडे मोजूनमापून ऑइल पाठवते. त्यामुळे मुठीची जागा थोडीफार बदलणं हा आजार नव्हे. सांधाच नसल्यावर जागा पक्की कशी राहणार? पण किती बदलते हे मोजता येतं. माझ्या ऑर्बिट्रोलवर 100 हा आकडा कोरलाय, म्हणजे एका फेऱ्याला 100 सीसी ऑइल. चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला पूर्वी चार फेरे लागत. आता मोजले तर साडेपाच. म्हणजे दीड फेऱ्याचं, 150 सीसी ऑइल चाक न हलवताच कुठंतरी वाट काढत होतं.

टाकीचं झाकण उघडलं तर ऑइलवर ताकासारखा फेस. फेस म्हणजे हवा. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाची क्लिप सैल झाली होती. हा पाइप ओढणारा. चालू असताना तो ऑइल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो, म्हणून खाली डाग दिसत नाही. पाइपाचं चिरलेलं टोक कापलं, क्लिप नवी बसवली, ऑइल भरलं. मग पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळे लावून, इंजिन अगदी हळू ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना सावकाश आठ-दहा वेळा फिरवलं. टोकाला दाबून धरायचं नाही. मधेमधे टाकी बघायची, कारण हवा निघेल तशी पातळी खाली जाते. वळताना बसणारे हिसके गेले. फेरे मात्र पाच. तास अजून वाकडंच.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऑर्बिट्रोल गेलाय, बदलून टाका." सरकतंय म्हटलं की पहिलं बोट ऑर्बिट्रोलकडे जातं, आणि या सगळ्यात महागडी वस्तूही तीच. पण सिलिंडरमधल्या पिस्टनचं सील झिजून ऑइल पलीकडे निसटलं तरी लक्षण हेच. म्हटलं, "आधी सिलिंडर बघू या ना." ते जरा नाखुशीनेच तयार झाले.

चाकं डावीकडे पूर्ण वळवली. इंजिन बंद करून स्टेअरिंग इकडेतिकडे हलवलं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग सिलिंडरच्या ज्या बाजूला त्या वेळी दाब जात नाही, तिथला पाइप सोडवला, पाइपाच्या तोंडाला बूच मारलं आणि सिलिंडरचं तोंड उघडंच ठेवून खाली डबा धरला. इंजिन चालू करून मिस्त्रींनी स्टेअरिंग डावीकडेच दाबलं. सील धड असेल तर उघड्या तोंडातून काही यायला नको. इथं पेन्सिलीएवढी धार लागली, थांबेचना. मी ती बघायला हात पुढे केला तसे ते ओरडले. दाबाचं ऑइल कातडीत शिरतं, आणि ती जखम दिसते टाचणीएवढी, आत मात्र फार वाईट. गळती शोधायला पुठ्ठा फिरवायचा, बोट नाही.

सिलिंडर उघडला. पिस्टनवरच्या सीलचा एका बाजूचा काठ चाकूने सोलल्यासारखा निघाला होता. नळीला आतून नख फिरवून पाहिलं, कुठं अडकलं नाही. ओरखडा असता तर नवं सीलही फार टिकलं नसतं. सगळी सीलं बदलली.

मग घाईत एक गंमत झाली. पाइप जोडून मी ट्रॅक्टर पुढे घेतला, डावीकडे वळवलं आणि ट्रॅक्टर थेट उजवीकडे. क्षणभर डोकंच चालेना. दोन्ही पाइपांची अदलाबदल झाली होती. ऑइलला काय, ज्या वाटेने पाठवाल त्या वाटेने जाईल. नशीब, मोकळ्या जागेत होतो. पाइप पुन्हा काढले, पुन्हा हवा काढली, पुन्हा कपडे ऑइलने माखले.

आता फेरे चारला किंचित जास्त. टोकाला नेऊन जोर लावला तर स्टेअरिंग अजूनही अगदी हळू सरकतं, पण ऑर्बिट्रोलच्या आत थोडी गळती असतेच, तेवढी चालते. इंजिन बंद असताना फिरवायला मात्र घाम निघतो. ते पूर्वीही तसंच होतं, तेव्हा पंपाचं काम हातच करतात. डाव्या पाइपाला मी लाल रंगाचा एक पट्टा मारून ठेवलाय.