अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला की बंद झाला?

मी लॅब टेक्निशियन आहे, सकाळची शिफ्ट असते. त्या दिवशी आले तर रजिस्टरमध्ये रात्रपाळीच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेलं, फ्रीझर थ्री अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह, प्लीज लुक इंटू इट. आता लाइट वेंट ऑफ म्हणजे लाइट गेली हे मला पक्कं माहीत, म्हणून मी सरळ अर्थ लावला की अलार्म पाचला बंद पडला, आणि त्याने तो म्यूट करून ठेवलेला असल्यामुळे तिथे शांतताच होती, मग शंका कसली येणार? लुक इंटू इट म्हणजे आत बघ. मी बघितलं. उणे ८० चा फ्रीझर, दार उघडून एकेक कप्पा बघितला, सगळे बॉक्स जागच्या जागी. दार लावलं तेव्हा डिस्प्लेवर उणे ६१ होतं, वाटलं आत्ताच उघडलं ना, होईल खाली.

थोड्या वेळाने अलार्म वाजायला लागला. उणे ५२! मॅडम धावत आल्या. दाराच्या रबरावर, म्हणजे सीलवर, बर्फ साचून बारीकशी फट राहिली होती आणि त्यात मी दार उघडं ठेवून अजून भर घातली. ड्राय आइसमध्ये घालून सगळे सॅम्पल दुसऱ्या फ्रीझरला हलवले, काही वितळलं नव्हतं म्हणून वाचलो. मॅडम म्हणाल्या, "अगं, वेंट ऑफ म्हणजे वाजला! आणि लुक इंटू म्हणजे काय बिघडलंय ते शोध, दार उघडून बघ नाही." मला रडूच आलं.

घरी जाऊन डिक्शनरी उघडली. गो ऑफ, अलार्म वाजतो, बॉम्ब फुटतो, लाइट जाते, दूध नासतं. मी आजवर एक फ्रेझल व्हर्ब (गो ऑफ, लुक इंटू अशी जोडीने येणारी क्रियापदं) एक अर्थ अशी यादी पाठ करत आले, ती पद्धतच चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. आपल्याकडे तरी काय, बोलून बसलो म्हणताना कोण बसतं, खाऊन टाक मध्ये कोण काय टाकतं, पण ते आपण वाक्यातच ऐकत मोठे झालो. सॅम्युएल जॉन्सनने तर १७५५ च्या त्याच्या इंग्रजी डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जास्त अडचण याच क्रियापदांची येते, ते वाचून खूप धीर आला.

आता मी नुसतं गो ऑफ लिहीत नाही, अलार्म गोज ऑफ आणि मिल्क गोज ऑफ असं वहीत वेगवेगळं लिहिते. आणि इट कुठे येतं तेही, कारण टर्न ऑफ द अलार्म चालतं, टर्न द अलार्म ऑफ पण चालतं, पण इट आलं की टर्न इट ऑफ असंच, ते मधेच हवं, आणि लुक इंटू इट मध्ये मात्र इट शेवटीच, ती जोडी फुटत नाही. मी कित्येक वर्षं बिनधास्त टर्न ऑफ इट म्हणत होते.

रात्रपाळीच्या सहकाऱ्याशी बोलून आम्ही एक ठरवलंय, रजिस्टरमध्ये आता तो लिहितो, अलार्म रँग ॲट फाइव्ह, डोंट ओपन द डोअर, चेक द सील.