आमची वाटचाल : माश्या पकडणारी पेटी

कुपवाड एमआयडीसीत आमचं मूळ काम पत्र्याचं. पॅनेल बॉक्स, कपाटं, पावडर कोटिंग. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने बंद पडलेलं माश्या मारायचं मशीन दुरुस्तीला आणलं. उघडून बघितलं तर आत ट्यूब, चोक आणि तारांची जाळी. हे तर आपणही करू शकतो, म्हणून सुरुवात केली.

सुरुवातीची मशीनं करंटवाली होती. माशी जाळीला लागली की चट्ट आवाज. गिऱ्हाइकाला तो आवाज फार आवडतो, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण करंटने माशी फुटते, तुकडे उडतात. जिथे बेदाणा निवडतात, दूध पिशवीत भरतात, तिथे ते चालत नाही. तिथल्यासाठी आम्ही चिकट पॅडची पेटी काढली. ट्यूब तीच, 365 नॅनोमीटरच्या आसपासचा, माश्यांना ओढणारा अतिनील प्रकाश देणारी. काच फुटली तरी मालात पडू नये म्हणून वर आवरण.

पॅड वाचता येतो, ही त्याची मोठी सोय. घरमाश्या जास्त दिसल्या तर दार नाहीतर उकिरडा तपासायचा. चिलटं असतील तर गटाराची जाळी. सुक्या मेव्यातला लहान पतंग अडकला असेल, तर तो बहुधा बाहेरून आलेला नसतो, साठवलेल्या मालातच वाढत असतो. तिथे आणखी दिवे विकण्यापेक्षा आम्ही माल हलवून बघा, कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) लावा असं सांगतो. धंद्याला हे परवडतं का, असं आमचे अकाउंटंट विचारतात.

ट्यूबवरून मात्र दरवर्षी वाद. वर्षभर चाललेल्या ट्यूबचा निळा उजेड दिसतो, पण अतिनील प्रकाश बराच घटलेला असतो. “चालू आहे की अजून!” हे आम्ही सांगलीपासून विट्यापर्यंत ऐकलंय.

ऊसवाल्यांची मागणी वेगळी, माळावरच्या हुमणीची, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीची. वळीव झाला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्यासाठी सोलरचा प्रकाश सापळा बनवला, टायमर संध्याकाळी 7 ते 10. रात्रभर दिवा ठेवला तर मित्रकीटकही मरतात. फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणं सोडू नका, हेही सांगतो. आणि सापळे शिवारभर लागले पाहिजेत. एकट्याच्याच बांधावर दिवा असेल तर शेजारच्यांचे भुंगेरे तेवढे पाहुणे येतात.

सध्या पॅडचा रोज फोटो काढून माश्या मोजणारा कॅमेरा एका कोल्ड स्टोरेजमध्ये चाचणीला लावलाय. एकावर एक चिकटलेल्या माश्या तो एकच धरतो. पंखांच्या फडफडीवरून ओळखणारा सेन्सरही मनात आहे: घरमाशी सेकंदाला साधारण 200 वेळा पंख हलवते, डासाची मादी त्याच्या दुपटीहून जास्त. पण प्रेस मशीनच्या आवाजात आणि धुळीत तो कितपत टिकेल, ते बघायचंय. तोवर एप्रिल-मेमध्ये पत्र्याचं दुसरं काम घेत नाही; सापळ्यांच्या ऑर्डरी तेव्हाच येतात.